तीन पावलांचं नाव

मला बसून ध्यान जमत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यातनंच निघालंय.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोलापूरच्या पूर्व भागात, घराच्या मागंच शेड आणि शेडमध्ये आठ माग. लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून हा खडखडाट सोबतीला आहे. मागाजवळ कुणाशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या. रात्री माग बंद झाले की घरातल्या सगळ्यांना शांत वाटतं, मला नाही वाटत, माझ्या कानात घूं असा बारीक आवाज चालूच राहतो. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलं की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या काय परत येत नाहीत, आवाज राहणार, सवय करून घ्या.

तर अशा कानांनी मी एका ध्यानाच्या वर्गाला जाऊन बसले होते. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, शांततेत उतरा. मी उतरले की खाली घूं. बाकीच्यांचे चेहरे निवांत, आणि माझं असं झालेलं की कधी एकदा उठते आणि पंखा तरी लावते. तिसऱ्या दिवशी उठून घरी आले आणि खरं सांगायचं तर त्या रात्री खूप रडले, कारण माझं माहेर वेळापूरच्या बाजूचं, घरात वारी, आजीच्या गळ्यात माळ, आणि मला वाटलं की आपल्याला देवाकडं जायची वाटच बंद झाली.

पळायला सुरुवात केली ती मात्र देवासाठी नाही, शुगरसाठी. रिपोर्ट बॉर्डरवर आला, डॉक्टर म्हणाले रोज भरभर चाला. मी पहाटे सव्वापाचला होम मैदानावर जायला लागले. पंजाबी ड्रेस, ओढणीची गाठ कमरेला, पायात मुलाचे जुने बूट पुढं कापूस घालून. आठ-दहा दिवस चालले आणि एके दिवशी समोरच्या विजेच्या खांबापर्यंत सहज पळून बघितलं. शंभर मीटर असेल नसेल. छाती फुटायची वेळ आली, पण थांबल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथंच उभी राहिले. त्या शंभर मीटरमध्ये कानातलं घूं ऐकू आलं नव्हतं. बंद झालं नव्हतं हो, थांबल्या थांबल्या परत आलंच, पण पळताना श्वास आणि पावलं यांचा आवाज त्याच्यावरनं गेला होता.

मग रोज एक खांब वाढवला. तीन महिन्यांत न थांबता अडीच-तीन किलोमीटर जमायला लागलं. मुलानं फोनमध्ये ॲप टाकून दिलं, ते दर किलोमीटरला बोलायचं, किती मिनिटं झाली, वेग किती. त्याची गोडी लागली. पार्क चौकातनं चार पुतळ्यांना हात जोडून (१२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, त्यांच्यासमोरनं नुसतं पळत जाणं मला कधी जमलं नाही) सात रस्त्यापर्यंत आणि परत, असा रस्ता ठरला. कुत्री मागं लागली की पळायचं नाही, चालायला लागायचं, हे पण शिकले. लोक बघायचे, काही जण बोलायचे, त्याच्यावर जास्त लिहायचं नाहीये, सहा महिन्यांनी बघायचं बंद करतात.

नाव कसं आलं ते मात्र नीट सांगते.

डिसेंबर होता, होम मैदानाशेजारच्या सिद्धेश्वर तलावावर धुकं, आणि फोन रात्री चार्जिंगला लावायचा राहिलेला, म्हणजे ॲप नाही. बोलणारं कुणीच नाही म्हणल्यावर माझं मन आपोआप पावलं मोजायला लागलं, एक दोन तीन, एक दोन तीन. तिनावरच का थांबत होते माहीत नाही. आणि मग कधी तरी त्या एक दोन तीनच्या जागी वि-ठ्ठ-ल आलं. मी ठरवून आणलं नाही, आजी दळताना म्हणायची तसं ते आतनं आलं. तीन अक्षरं, तीन पावलं. श्वास घेताना एक विठ्ठल, सोडताना एक विठ्ठल.

आता बघा, पाय दोन आणि अक्षरं तीन. त्याच्यामुळं काय होतं, पहिल्या वेळी 'वि' डाव्या पायावर पडतो, पुढच्या वेळी उजव्यावर, मग परत डाव्यावर. 'हरि' म्हणून बघितलं तर 'ह' सारखा एकाच पायावर येतो, डावा म्हणजे डावाच. पण विठ्ठल इकडनं तिकडं, तिकडनं इकडं जातो. धुक्यात हे लक्षात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हा तर धोटा! मागात ताणा उभा ताणलेला असतो आणि धोटा बाणा घेऊन डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं सटासट जातो, त्याच्यानंच तर कापड होतं. बावीस वर्षं ज्या आवाजानं माझे कान खाल्ले तोच ताल माझ्या पायात होता आणि त्याच्यावर नाव चाललं होतं. त्या दिवशी किती पळाले माहीत नाही. घरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या आज उशीर केलास गं, चेहरा का असा दिसतोय, बरं आहे ना?

बरंच होतं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पण माणसाचा स्वभाव काय जातो का. आठ-दहा दिवसांत मी त्याचापण हिशोब मांडला. कारखान्याचा हिशोब मीच बघते, आकडे डोक्यात फिरतच असतात. एक माळ म्हणजे १०८, गुणिले तीन म्हणजे ३२४ पावलं. माझी मिनिटाला साधारण १६० पावलं पडतात, म्हणजे दोन मिनिटांत एक माळ. एक किलोमीटरला आठ मिनिटं लागतात, म्हणजे किलोमीटरला जवळपास चार माळा. पाच किलोमीटर झाले की वीस माळा! मी वहीत लिहायला लागले, तारीख, किलोमीटर, माळा. आजीनं आयुष्यभर ओसरीवर बसून जेवढा जप केला असेल तेवढा मी किती वर्षांत करीन याचं गणितसुद्धा केलं, आता लिहिताना लाज वाटते पण केलं.

सासूबाईंनी ती वही बघितली. शिक्षण चौथी, पण त्या एका वाक्यात माणसाला जागेवर आणतात. म्हणाल्या, "मोजायचंच होतं तर ते बोलणारं घड्याळ काय वाईट होतं?"

मला राग आला. मी वही बंद केली नाही.

त्याच सुमारास शेजारच्या आज्जींनी पण एक खडा टाकला. आज्जी लिंगायत, घरी कन्नड बोलतात, गळ्यात इष्टलिंग, वय ऐंशीच्या पुढं. मी पहाटे निघते तेव्हा त्या कट्ट्यावर बसलेल्या असतात. एकदा हाक मारून विचारलं, "काय करलालीस गं रोज पहाटे?" मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, पळणं, नाव, धोटा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तू ज्या तलावाच्या कडंनं पळतीस तो तलाव माहितीय का कसा झाला? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून खोदला. बसवेश्वरांच्या काळातल्या शरणांनी, म्हणजे संतांनी, कष्टाला कायक म्हणलं, कायकवे कैलास असं सांगितलं, म्हणजे काम हाच कैलास. पण कायक कुणाच्या तरी उपयोगाला येतं, तलावाचं पाणी गावाला मिळालं. "तू पळतीस ते कुणासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्यासाठी, असं म्हणणार होते पण ते शब्द ओठातच राहिले. शुगरसाठी, हे तर आणखीच बारकं वाटलं. गप मान हलवून निघाले, आणि त्या दिवशी पावलाला नाव लागेना, सारखं तेच, कुणासाठी, कुणासाठी. हा चार पावलांचा ताल, 'कु' सारखा एकाच पायावर पडायचा, हे लक्षात आलं आणि जास्तच टोचलं.

यानंतर मी जे केलं ते चुकीचं केलं. उत्तर नव्हतं म्हणून अंतर वाढवलं. मी इकडंतिकडं वाचत होते, की जपानात हिएई डोंगरावर तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगर तुडवतात, सुरुवातीची वर्षं रोज तीस-एक किलोमीटर, वाटेत ठिकठिकाणी थांबून मंत्र म्हणत. न्यूयॉर्कमध्ये ध्यानगुरू श्री चिन्मय यांनी सुरू केलेली ३१०० मैलांची शर्यत असते, ती सगळी एकाच ब्लॉकला प्रदक्षिणा घालत, ५२ दिवसांत संपवायची, म्हणजे दिवसाला जवळजवळ ९६ किलोमीटर. हे वाचलं की मला आपलं काहीच नाही असं वाटायचं. मग मी ठरवलं, एका एकादशीला १०८ माळा एका दमात. हिशोब केला, सत्तावीस किलोमीटरच्या वर जातंय. तोपर्यंत मी सगळ्यात लांब पळाले होते ते दहा किलोमीटर.

हळूहळू वाढवा, आठवड्याला थोडंच वाढवा, हे जो तो सांगतो, मलाही माहीत होतं. पण मला वाटलं नाव घेतोय म्हणल्यावर देव सांभाळेल. दहाचे चौदा केले, पुढच्या आठवड्यात चौदाचे अठरा. त्यात फेब्रुवारी संपला होता, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं मार्चमध्येच आठ वाजता डांबर तापायला लागतं आणि मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो. उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना उतरताना. अठरा किलोमीटरच्या दिवशी विजापूर रोडवर एके ठिकाणी मी दुभाजकावर बसले आणि उठता आलं नाही. रिक्षानं घरी आले. तपासणीत निघालं की हाडावर ताण येऊन बारीक चीर पडायच्या बेतात आहे, सात आठवडे पळायचं नाही, चालणंसुद्धा कामापुरतं.

त्या सात आठवड्यांबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हे सगळं लिहायला बसले.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. पहाटे पाचला जाग यायची, कानात घूं, पाय उशीवर. मी पडल्या पडल्या नाव घ्यायचा प्रयत्न केला, ते तोंडातनं यायचं पण कोरडं, पायाशिवाय त्याला आधारच नव्हता. म्हणलं म्हणजे हे नाव माझं नव्हतंच, पायांचं होतं. सगळ्यांवर चिडचिड केली, मुलावर, ह्यांच्यावर, मागवाल्यांवर. ह्यांनी काही बोलायच्या ऐवजी एक दिवस शेडमध्ये खुर्ची टाकली, समोर टॉवेलचा ढीग आणून ठेवला आणि म्हणाले बसून घड्या तरी घाल, बाई सुट्टीवर आहे आणि उद्या माल जायचाय.

टॉवेलची घडी कशी घालतात सांगते. लांबीत अर्ध्यावर दुमडायचा, हाताच्या बाजूनं सुरकुती काढायची, मग आडवा मोडून थापटायचा. दुमड, फिरव, थाप. मी असे हजारो घातलेत, डोळे मिटून घालीन. माग चालू होते, आठच्या आठ. साठ-सत्तर टॉवेल झाले असतील, आणि मला कळलं की हात विठ्ठल म्हणतायत. दुमडला की वि, फिरवला की ठ्ठ, थापटला की ल. ओठ बंद होते. मी दचकले नाही की थांबले नाही, थांबले तर जाईल अशी भीती वाटली, तशीच करत राहिले. डझनाची थप्पी झाली की बाजूला, परत पहिला टॉवेल. समोर धोटा जात होता, येत होता. त्या ढिगातले किती झाले ते मी मोजले नाहीत, आणि माल किती जायचाय हे मोजणं माझं कामच आहे बरं का, ते ह्यांनी नंतर येऊन मोजले.

आज्जींचा प्रश्न तेव्हा आठवला. टॉवेल कुणासाठी हे कुणी विचारायची गरजच नाही, कुणाचं तरी अंग पुसलं जाणार. मग पळणं कशासाठी होतं? मला असं वाटलं की पळून पळून जे नाव अंगात गेलं ते इथं हातात आलं. पळाले नसते तर बावीस वर्षं घातल्या तशाच पुढची बावीस वर्षं नुसत्या घड्या घातल्या असत्या. हे बरोबर आहे का माझ्या मनाची समजूत आहे, सांगता येत नाही, पण वहीत त्याच्यापुढं काही लिहिलं नाही. ती वही आता किराणाच्या यादीला वापरतो.

पाय बरा झाल्यावर परत खांबापासनं सुरुवात केली. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. आषाढापर्यंत पाच किलोमीटर जमायला लागले आणि मी ठरवलं की यंदा माहेरी जाऊन धाव्याला उभं राहायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माउलींची पालखी माळशिरसकडनं वेळापूरला येते तेव्हा गावाच्या अलीकडं एक उंचवटा लागतो. तुकाराम महाराजांना तिथनं पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून अजूनही दिंड्या तिथं थांबतात आणि मग सगळे वारकरी उतारावरनं पळत सुटतात. त्याला धावा म्हणतात. आणि आपल्या भाषेत धावा करणं म्हणजे देवाला हाक मारणं पण, तू धावत ये म्हणून. पळणारे आपण का तो, हे त्या शब्दात कळतच नाही, लहानपणी आजीला मी हे विचारलं होतं, ती म्हणाली होती, दोघंबी. आजी सत्तरीपर्यंत तो उतार पळाली, एका हातानं नऊवारीचा काष्टा सावरत.

मी बूट घालूनच गेले होते. मनात होतं की माझी आता तयारी आहे, तीन पावलांचं नाव आहे, ह्या उताराला काय लागतंय. दिंडी सुटली आणि पहिल्या वीस पावलांत माझा ताल मोडला. गर्दी मागनं ढकलतीय, पुढची माणसं मधेच हळू होतायत, माती भुसभुशीत, टाळांचा, मृदंगाचा, माणसांचा आवाज असा की माग बरे. मी वि म्हणेपर्यंत कुणाचा तरी खांदा लागायचा. पाय अडखळून मी पडणारच होते तेवढ्यात एका बाईनं दंडाला धरलं, साठीच्या असतील, डोक्यावर तुळशीवृंदावन, एक हात त्याला आणि एक हात मला, पायात साधी प्लॅस्टिकची चप्पल. "चल गं माउली," म्हणाल्या आणि मला ओढतच घेऊन गेल्या. माझ्या तोंडात त्या वेळी नाव नव्हतं. ताल नव्हता, श्वासाचा पत्ता नव्हता. त्यांचा हात तेवढा होता, आणि कानात माझं घूं नव्हतं की पावलंही नव्हती, सगळ्यांचा मिळून एकच आवाज होता.

खाली आल्यावर त्यांनी हात सोडला. धाप माझी जास्त होती. त्या म्हणाल्या, जरा धर, पदर खोचते, आणि वृंदावन माझ्या हातात दिलं. अपेक्षेपेक्षा जड होतं. आतली माती ओली होती, पानांवर धूळ बसली होती. मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिले, त्यांचा पदर खोचून झाला, पाणी पिऊन झालं, तरी त्यांनी लगेच मागितलं नाही.

आता आठवड्यातनं चार दिवस पळते, पाच-सहा किलोमीटर, ॲप काढून टाकलंय. कधी नाव लागतं, कधी सगळा वेळ सुताचा भाव डोक्यात फिरतो, दोन्ही दिवशी परत येऊन घड्या घालायच्याच असतात. एप्रिल-मे मध्ये साडेपाचच्या आत आटपते आणि घरी आल्यावर मीठ घालून ताक.

गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेच्या, थोडं आधी आज्जींनी परत हाक मारली. गुडघे पार गेलेत, आता कट्ट्यापर्यंतसुद्धा नातू धरून आणतो. म्हणाल्या, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना लहानपणापासनं चालत जात होते, आता तलावातल्या देवळात जाता येईना. मी म्हणलं रिक्षा बोलावू का. नको म्हणाल्या. थोडा वेळ गप बसल्या आणि मग, "तू पळत तिकडंच जातीस की. माझा नमस्कार पोचव."

तेव्हापासनं तलावाशी पोचले की बूट काढते, देवळात जाते आणि पायरीवर दोनदा डोकं टेकते. पहिला त्यांचा, मग माझा.